परसराममामांचा चिन्नोर

गोरेगाव,
रविवार, १२ जून २०११

तीर्थरूप मुन्नीबाईस,
तुझा धाकटा भाऊ परसराम याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस. खिशात फोन असताना परसू पत्र कशाला लिहितो, मेलंबिलं का कोणी, असं तुझ्या मनात येईल. कोणी मेलं नाही. फोनवर तू जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढं विचारतेस, आणि मला जे बोलायचं असतं ते मी गिळून टाकतो. कागदातून तुझा आवाज येत नाही, म्हणून कागद बरा.

इकडचं सगळं ठीक आहे. धनेंद्रचा बारावीचा निकाल तुला कळलाच असेल, पास झाला, पण पेढे वाटण्याइतके मार्क नाहीत. धनेंद्रच्या आईने लाखोळीच्या डाळीचे वडे करून वाळवले आहेत, तुझ्या वाट्याचे डब्यात भरून ठेवले. म्हशीला रेडकू झालं. तळ्याकाठच्या आंब्याला यंदा माकडांनी सुट्टी दिली नाही. तुझ्या कमरेला मोहाचं तेल लाव असं धनेंद्रची आई सांगते, ते लावतेस की नुसती हो म्हणतेस?

पेपरची पुरवणीही पाहिली. एक सोडून चार जणांनी आणून दिली. 'पूर्व विदर्भात एकदा तरी जायलाच हवं अशी अकरा रेस्टॉरंट्स.' धनेंद्रने मोठ्याने वाचून दाखवली, सगळी, पहिल्यापासून. नागपूरचं एक म्हणे सातव्या मजल्यावर आहे, तिथं आठ दिवस आधी नाव नोंदवावं लागतं. मग जंगलाच्या कडेचं एक, तिथं कंदिलाच्या उजेडात मोहफुलाची खीर देतात. कंदिलाच्या उजेडात आपण पंचवीस वर्षं जेवलो, तेव्हा कोणी पेपरात छापलं नाही. 'फाइन डायनिंग' म्हणजे काय रे, असं मी धनेंद्रला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, जिथं पोट भराले जात नाही ते." पोरगं बारावीत मार्क कमी आणतं, पण अगदी ढ नाही.

दुसऱ्या नंबरावर तुझ्या लोकेंद्रचं 'लोंबी'. नागपूरच्या सातव्या मजल्याच्या खालोखाल गोंदियाचं बालाघाट रोडवरचं हॉटेल! गावात सगळ्यांना आनंद झाला. झाला म्हणजे काय, ऊत आला. माझा फोटोही छापलाय, धानाची पेंडी छातीशी धरलेला, तोच जो लोकेंद्रने हॉटेलच्या भिंतीवर माणसाएवढा करून लावला आहे. खाली ठळक अक्षरात माझं वाक्य. ते तू वाचलं असशील. मी इथं लिहीत नाही.

बाई, त्या पुरवणीमुळे एक गोष्ट झाली आहे, ती आधी सांगतो. घनश्याम, रामलाल, अनुसयाबाई आणि आणखी तिघं असे सहा जण परवा, मंगळवारी सकाळी, माझ्याकडे बियाणं न्यायला येणार आहेत. चिन्नोरचं. यंदा जाड्या दाण्याचं ठोकळ धान लावायचं नाही, चिन्नोर लावायचा असं त्यांनी ठरवलं आहे. "तुह्या भाच्याचं हॉटेल एवढं मोठं झालं, त त्याले तुह्या एकट्याच्या बांधीतला तांदूळ कसा पुरन? आमचा बी घेईन ना," असं घनश्याम म्हणाला. चिन्नोर म्हणजे काय ते तुला सांगायला नको. उंच वाढतो, वारा आला की झोपतो, उशिरा निसवतो आणि इतर धानाच्या निम्मा उतरतो. घेणारा ठरलेला असेल तरच माणसाने लावावा. घनश्यामचं एक वेळ निभेल. पण अनुसयाबाईच्या दोनच बांध्या आहेत, नवरा गेल्यापासून ती एकटी करते, आणि ती दोन्ही बांध्यांत चिन्नोरच लावणार म्हणते. माझ्या शब्दावर. पेपरात छापलेल्या माझ्या शब्दावर.

मंगळवारच्या आत मला ठरवायचं आहे की त्यांना बियाणं द्यायचं की खरं सांगायचं.

आता मागचं लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण आपण दोघं त्यावर एकदाही बोललो नाही.

हॉटेल काढायचं तेव्हा लोकेंद्र माझ्याकडे आला होता, याच पडवीत बसला होता. "मामा, मले नागपूरसारखं हॉटेल नाही काढाचं. मले आपल्या झाडीपट्टीतलं खानं लोकायले खुर्चीवर बसवून खाऊ घालाचं हाय. पातोडी, झिंगे, लाखोळीची डाळ, अन् तुमचा चिन्नोर." माझे डोळे भरून आले होते. आपल्या बाबांनी जे बियाणं जपलं, दरवर्षी पहिली कणसं वेगळी काढून मडक्यात घालून ठेवली, त्याला पोरांच्या पिढीत कोणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी तेव्हा एकाच बांधीत लावत होतो, घरापुरता आणि तुझ्यापुरता. त्याच्या शब्दावर चार बांध्यांत लावला. लिखापढी काही नाही. भाच्याशी कोण लिखापढी करतो?

दोन वर्षं त्याने दाणा न् दाणा नेला. जेवणाच्या कार्डावर छापलं, 'परसराममामांचा चिन्नोर, गोरेगावच्या बांधीतून'. गेल्या डिसेंबरात मी विचारलं, केव्हा पाठवू? तर म्हणाला, "मामा, मागचाच पडला हाय, घाई करू नका." माझ्या ढोलीत धान तसंच आहे, अजूनही. मला वाटलं, चालत नसेल हॉटेल. बोलायला लाजत असेल पोरगा. मी उलट त्याची काळजी करत होतो, बघ.

अक्षय तृतीयेला हॉटेलला दोन वर्षं झाली म्हणून त्याने जेवायला बोलावलं. पेपरवाल्या मॅडम येणार आहेत, मामा पाहिजेतच, असं म्हणाला. मी नवा सदरा शिवला. दारात एकाने खुर्ची मागे ओढली, मी समजलो मला बसू देत नाही, तर ती बसण्यासाठीच ओढली होती. तू हसलीस. मांडीवर टाकायचं फडकं कमळासारखं दुमडलेलं, ते मोडायला जीव होईना. पातोडीचे तीन तुकडे एवढ्या मोठ्या ताटात. मी मनात म्हटलं, आपली आई असती तर वाढणाऱ्याच्या हातातून भांडं हिसकून घेतलं असतं. पण चव खोटी नव्हती. पातोडी खरी होती, झिंगे खरे होते. मी खूश होतो, बाई. इतका खूश मी धनेंद्र झाला तेव्हा होतो.

मग भात आला. झाकण घातलेला. वाढणाऱ्याने सगळ्यांसमोर झाकण उचललं आणि वासाचा लोट आला.

चिन्नोर असा लोट फेकत नाही. तो शिजताना अंगणापर्यंत सांगतो आणि ताटात आला की शांत होतो. हा ताटात ओरडत होता. दाणा लांब, काडीसारखा सुटा, पांढराफेक. मी घास घेतला. तोंडात काही नव्हतं. वास सगळा बाहेर, आत कोरा भात. जिभेला पहिल्या घासातच कळलं. मी दुसरा घास घेतला, मनाचा खेळ असेल म्हणून. तिसराही घेतला.

हात धुवायचं निमित्त करून मी उठलो, चुकून नाही, मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो. तिथं आपल्या गावचा दुधराम. (त्याचं नाव लिहितो, कारण त्याने ते काम सोडलं, आता तो आमगावच्या एका भोजनालयात आहे. लोकेंद्र त्याचं काही करू शकत नाही.) मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. तो खाली मान घालून म्हणाला, "तुमचा चिन्नोर त दिवाळीलेच सरला, मामाजी. तवापासून हा बाहेरचा येऊन राहिला. मालक म्हनते, तुमचा दाना लहान हाय, ताटात उठून दिसत नाही, लोकं फोटो काढते. वासाची शिशी हाय, दोन थेंब टाकाचे." शिशी फडताळात होती. शेजारी कार्डांचा गठ्ठा, वरच्या कार्डावर माझं नाव.

मी परत येऊन बसलो. आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे पत्र काढलं, आणि मघापासून मी म्हशीचं आणि माकडांचं लिहितो आहे.

मॅडमनी विचारलं, "काका, हा तुमच्याच शेतातला ना? घास घेतल्यावर ओळखू येतो का हो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. लोकेंद्रही. त्याला कळलं होतं की मला कळलं आहे. मी काय करायला हवं होतं? आपल्यात भाचा म्हणजे देव. त्याच्या बारशाला मी एकवीस वर्षांचा घोडा, आणि त्या मुठीएवढ्या पोराच्या पायावर डोकं ठेवलं. आजही तो आला की मी वाकतो. मामाने भाच्याला चार लोकांत खाली पाहायला लावायचं, हे आपल्या घराण्यात कोणी केलं नाही. तरीही, बाई, मी तोंड उघडणार होतो. निदान 'नाही सांगता येत' एवढं तरी म्हणणार होतो. शपथ घेऊन सांगतो.

तेवढ्यात तू बोललीस. "परसू, सांग ना भाऊ. त्या विचारून राहिल्या ना."

आणि मी म्हणालो, "आपलं लेकरू कोणाला ओळखू येत नाही?"

तेच वाक्य छापलं आहे. ठळक अक्षरात, माझ्या फोटोखाली. लोकेंद्रने खोटा तांदूळ वाढला, पण खरा म्हणून शिक्का मी मारला. गावातले सहा जण लोकेंद्रच्या हॉटेलवर भरवसा ठेवून चिन्नोर लावत नाहीत, ते या वाक्यावर लावताहेत.

तुला माहीत नव्हतं, असं मी महिनाभर स्वतःला समजावलं. हॉटेल पोराचं, स्वयंपाकघरात तिचं काय काम, तिला कोण सांगणार. म्हातारी झाली, जीभ गेली असेल. पण तू कढी मागितलीस, बाई. भाताचा पहिला घास घेतलास, थांबलीस, आणि वाढणाऱ्याला म्हणालीस, "कढी हाय का रे?" आणि सगळा भात कढीत बुडवलास.

चिन्नोरवर कढी! ज्या बाईने मला लहानपणी याच भातावर वरण ओतलं म्हणून पाठीत धपाटा घातला होता! "याच्यावर तूप सोडून काही नाही घालाचं, पाप लागते," असं तूच म्हणायचीस. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तू चौदाची. चुलीपुढं तूच बसलीस. डोळे मिटून, नुसत्या वासावरून, हा तळ्याकडच्या बांधीतला की रस्त्याकडच्या, हे तू सांगायचीस आणि बाबा हरायचे. लग्न झाल्यावर सासरचा भात घशाखाली उतरत नाही असा निरोप पाठवलास, तेव्हापासून आधी बाबांनी आणि मग मी, एक वर्ष न चुकता, दोन पायल्या तुझ्या घरी पोचवल्या. या वर्षीही पोचवल्या. तुझ्या जिभेला कळलं नाही, हे मी कसं मानू?

निघताना मी लोकेंद्रच्या पाया पडलो. रीत आहे, पडलो. तुझ्याही पडलो. तू मिठाईचा डबा हातात दिलास आणि हळूच म्हणालीस, "पोट्याचं हॉटेल हाय, भाऊ. समजून घे."

म्हणजे तुला नुसतं त्या दिवशी कळलं असं नाही. तुला आधीपासून माहीत होतं. मी डिसेंबरापासून ढोलीकडे बघत बसलो होतो, आणि तू दर आठवड्याला फोनवर मला विचारत होतीस, जेवलास का.

मला राग लोकेंद्रचा नाही. म्हणजे आहे, पण तो परक्याचा येतो तसा. तो व्यापार शिकला, गोंदियात राहतो, त्याला वाटलं नाव वेगळं आणि तांदूळ वेगळा विकता येतो. त्याला माझी बांधी म्हणजे एक फोटो. तुला तसं नव्हतं ना? तू त्या बांधीत चिखलात उभी राहून रोवणी केली आहेस. तुझ्या समोर माझ्या ताटात ते वाढलं गेलं आणि तू मलाच म्हणालीस, सांग. आई असती तर तिने कोणाचा हात धरला असता याचा मी रोज विचार करतो, आणि माझ्यासाठी तर आई तूच होतीस.

आता थांबतो. पत्र टाकत नाही, मंगळवारचं होऊ दे.

मंगळवार, १४ जून

सगळे आत्ताच गेले. चहाचे कप अजून पडवीत आहेत.

मी सांगितलं. रात्री धनेंद्रच्या आईला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "बियानं देऊन सहा महिन्यानं त्यायच्या दारात कोनत्या तोंडानं जासान?" मग ठरवायला काही उरलं नाही.

सहा जण रिकामे पोते घेऊन आले होते. मी म्हटलं, बसा. हॉटेलात माझा तांदूळ नाही, दिवाळीपासून नाही. यंदाचं धान ढोलीत आहे, हे बघा. पेपरात छापलं ते मी खोटं बोललो. भाच्याची लाज राखायला बोललो. घरी खायला लावायचा असेल तर बियाणं हवं तेवढं न्या, पण हॉटेलसाठी लावू नका, तिथं कोणी घेणार नाही.

मग रामलाल उठला, पोतं झटकलं आणि चहा न पिता निघून गेला. घनश्याम म्हणाला, "भाच्याची लाज राखली, आमची काऊन नाही राखली, परसराम? पंधरा दिवस झाले पेपर येऊन. रोज त भेटून राहिलो आपन." अनुसयाबाई म्हणाली, "मी त बांधी नांगरून ठेवली ना, भाऊ." मग म्हणाली, बरं झालं, रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आधी सांगितलं. तिने अर्धी पायली बियाणं नेलं, नातीच्या तोंडी लागेल म्हणून. तेवढंच काय ते या घरातून गेलं.

पेपरच्या मॅडमनाही मी आज पत्र लिहिलं आहे, तुझ्या पत्राबरोबरच टाकतो. जे झालं तेच लिहिलं. त्या छापोत की न छापोत. लोकेंद्रला सांग, भिंतीवरचा माझा फोटो उतरव आणि कार्डावरचं नाव काढ. तांदूळ कोणता वाढायचा ते त्याचं तो बघेल, पण माझ्या नावाने नाही. भाच्याविरुद्ध गेलो याचं पाप लागायचं ते मला लागो.

मॅडमच्या पत्रात तुझं नाव नाही. हे का लिहितो, तर इथंही ते निघालं. सगळे पायरी उतरले होते, घनश्याम मागे वळला आणि म्हणाला, "अन् मुन्नीबाई होती ना तिथं? तिले त वासावरून बांधी कळत होती. तिले नाही कळलं?"

अनुसयाबाईही थांबली. सगळेच थांबले. तुझ्याबरोबर रोवणीची गाणी म्हणत मोठी झालेली माणसं ही.

मी म्हणालो, "बाईची तब्येत बरी नव्हती. तिनं भात घेतलाच नाही."

त्यांनी लगेच मानलं. घनश्याम म्हणाला, "तरीच. ती खाती त उठूनच गेली असती." आणि सगळे हो हो म्हणाले.

तेव्हा बाई, तू काळजी करू नकोस. या गावात तुझ्याबद्दल वाईट कोणाच्याही मनात नाही. माझ्या एकट्याच्या आहे.

परसराम